शिकारीच्या रायफलीवर रेटिकल कोणतं घ्यावं?

प्रश्न असा आहे. मूळचा कोरेगाव तालुक्यातला एक मुलगा नोकरीमुळे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहतो. तिथला बंदुकीचा परवाना त्यानं रीतसर काढलाय, ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल घेतलीय, आता स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, घ्यायचाय. त्यातल्या नेम धरायच्या रेघा-खुणा, म्हणजे रेटिकल, कोणतं घ्यावं हे ठरेना. डोंगरात लाल हरिण आणि तहर हा रानबोकड, अंतर बहुतेक वेळा २००-३०० मीटर, कधी ५००. दुकानदार म्हणतो ख्रिसमस ट्री (झाडासारख्या पसरत्या ठिपक्यांचं) रेटिकल घे. सोबत जाणारा मित्र म्हणतो, साधा डुप्लेक्स (जाड दांड्यांची नुसती फुली) पुरे. यूट्यूबवाले बीडीसीचे (अंतरांच्या तयार खुणा असलेल्या रेटिकलचे) गोडवे गातात. "काका, तुम्ही फौजेत नेमबाजी शिकवायचात. डोकं चालेना झालंय, नेमकं काय घेऊ?"

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. मिलमधलं (मिल हे कोनाचं माप, १०० मीटरवर १० सेंटिमीटर), फर्स्ट फोकल प्लेनचं (ताकदीबरोबर लहान-मोठं होणारं) रेटिकल घे. आडव्या रेघेवर वाऱ्यासाठी खुणा हव्यात. कडेचे दांडे जाड हवेत, मधला ठिपका पेटणारा हवा. खालच्या अर्ध्या भागात झाडासारखा पसारा नको, असलाच तर बारका असावा. स्कोपची ताकद ३ ते १५ किंवा ३ ते १८ पट, त्याहून जास्त नको. आणि पैसे वाचवायचे असतील तर रेटिकलच्या नक्षीवर वाचव, टरेटवर, म्हणजे नेम सरकवायच्या फिरत्या बटणावर, वाचवू नकोस.

इथल्या वाचकांनी मात्र यातून भलतं काही घेऊ नये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. पाटण-जावळीकडं गवे आणि रानडुकरं पिकात घुसतात, शेतकऱ्याचं नुकसान होतं, तो राग मला कळतो. पण त्याचा रस्ता वन खात्याच्या दारातून जातो, खांद्यावरच्या बंदुकीतून नाही. न्यूझीलंडचं प्रकरण उलटं आहे. वटवाघळं सोडली तर तिथं जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं इंग्रजांनी नेऊन सोडली, आणि तहर तर आपल्या हिमालयातला, १९०४ साली तिथं पोचवलेला. आपण त्याला जपतो. तिथं तो डोंगरावरची झुडपं-गवत खाऊन उघडं बोडकं करतो, म्हणून सरकारनंच १९९३ च्या आराखड्यात दहा हजारांवर संख्या जाऊ द्यायची नाही असं ठरवलंय.

मी आयुष्यभर नेम धरला तो रेंजवरच्या टार्गेटवर. पण पुढं पाटी आहे की हरिण, हे गोळीला कळत नाही. वारा दोघांना सारखाच लागतो, आणि माझं सगळं म्हणणं त्या वाऱ्यापाशीच येऊन थांबतं.

लांबच्या नेमात गोळी दोन दिशांनी चुकते, वर-खाली आणि डावी-उजवी. वर-खालीचं गणित सुटलेलं आहे. लेझर रेंजफाइंडर अंतर सांगतो, गोळीचा वेग माहीत असतो, फोनवरचं अ‍ॅप सांगतं की अमुक अंतराला इतके मिल चढव. तुझ्या रायफलीला १०० मीटरवर झिरो धरलं (म्हणजे नेम आणि गोळी तिथं जुळवली) तर ५०० मीटरला साधारण साडेतीन मिल लागतील. त्याच हवेत आज लागतील तेवढेच उद्या लागतील. गुरुत्वाकर्षण मूड बदलत नाही. म्हणून ते टरेटवर फिरवायचं, क्लिक मोजायचे आणि विसरून जायचं.

वाऱ्याचं तसं नाही. चाळकेवाडीच्या पठारावर तू लहानपणी गेलाच असशील. पवनचक्कीच्या पायथ्याशी उभं राहिलं तर कुसळं जेमतेम हलतात आणि वर पाती जोरात फिरत असतात. पठाराच्या कडेला आलं की दरीतून वर चढणारा वारा शर्ट फुगवतो, पन्नास पावलं मागं सरकलं की तोच वारा गायब. तुझ्या डोंगरातही हेच होणार. तू एका सोंडेवर पडलेला, जनावर समोरच्या सोंडेवर, मधे दरी. गोळी त्या दरीवरून जाते आणि तिथला वारा तुझ्या गालाला लागत नाही. समोरच्या उतारावरचं गवत बघ, दरीतलं धुकं कुठं सरकतंय ते बघ, उन्हात लाटा उठत असतील तर त्या कोणत्या अंगाला झुकतायत ते बघ. तरी अंदाजच.

आता आकडे बघ. सेकंदाला साडेचार मीटरचा आडवा वारा असेल, म्हणजे चेहऱ्याला चांगला जाणवतो आणि पानं सतत हलत राहतात एवढा, तर तुझी गोळी ५०० मीटरला ४० ते ५० सेंटिमीटर सरकते. पाऊण ते एक मिल म्हण. तुझा अंदाज सेकंदाला दोनच मीटरनं चुकला तरी २० सेंटिमीटरचा फरक पडला. हरणाच्या छातीतला मर्मभाग जेमतेम पाव मीटर रुंद. त्याच्या मधोमध नेम धरून २० सेंटिमीटर सरकलास की गोळी पोटात गेली, आणि जखमी जनावर कड्याखाली उतरून गेलं. हीच चूक ३०० मीटरला सहा-सात सेंटिमीटरची होते, म्हणजे निभावून जाते. तुझं ५०० चं स्वप्न कुठलंही रेटिकल पुरं करणार नाही. ते वारा वाचण्यावर ठरणार. तोवर स्वतःला ३०० ची हद्द घाल.

वारा टरेटवर फिरवायचा नाही, रेटिकलवर धरायचा, हे शिकवताना मी फार घासायचो. कारण साधं आहे. वारा फिरवून परत गालाशी बट लावेपर्यंत तो बदललेला असतो. शिवाय फिरवलेलं शून्यावर आणायचं राहून जातं आणि पुढचा नेम त्या चुकीसकट लागतो. रेटिकलवर खूण असली की डोळा न हलवता अर्ध्या मिलवरून पाऊण मिलवर सरकता येतं. म्हणून म्हणतो, रेटिकल बघताना सगळ्यात आधी आडवी रेघ बघ. तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या मिलच्या खुणा असल्या तरी चालतं, ०.२ च्या असतील तर उत्तम. दोन्ही बाजूंना चार-पाच मिलपर्यंत पुरे. शिकारीत त्याहून जास्त वारा धरायची वेळ आली तर गोळी झाडायचीच नसते.

ही काही नवी शहाणपणाची गोष्ट नाही. आम्ही शिकलो ते ड्रॅगुनोव्ह या रशियन स्नायपर रायफलीवर. ती रायफल १९६३ ची, तिच्यावरचा पीएसओ-१ स्कोप चार पटीचा, बदलता न येणारा. त्याच्या रेटिकलमध्ये मधे एक बाण. दोन्ही बाजूंना वाऱ्याची पट्टी दहापर्यंत. खाली आणखी तीन बाण, ड्रमचा आकडा १००० वर संपल्यावर पुढच्या अंतरांसाठी. डाव्या कोपऱ्यात एक वाकडी रेघ, उभ्या माणसाची उंची १.७ मीटर धरून २०० ते १००० मीटरपर्यंत अंतर काढायची. बस्स. अंतर ड्रमवर फिरव, वारा पट्टीवर धर. आजच्या दोन-तीन लाखांच्या स्कोपमध्येही काम याच रीतीनं चालतं. मधल्या काळात काचेवर कोरकाम मात्र इतकं वाढलं की कधीकधी मागचं जनावर शोधावं लागतं.

ख्रिसमस ट्रीवर येऊ. त्यात उभ्या रेघेच्या खाली ओळीओळीनं ठिपके असतात, खाली जावं तसे पसरत गेलेले. टरेटला हात न लावता अंतर आणि वारा दोन्ही एकाच ठिपक्यावर धरता यावेत, यासाठी ती सोय. स्पर्धेत दीड-दोन मिनिटांत वेगवेगळ्या अंतरांवरची लोखंडी टार्गेटं मारायची असतात, तिथं ती सोन्यासारखी. पांढऱ्या रंगाच्या पाटीवर, भर उन्हात ठिपके स्वच्छ दिसतात. तुझं हरिण तांबूस, मागं तांबूस गवत, वेळ झुंजुमुंजूची. त्या जाळ्यात त्याचा खांदा कुठं आणि कोपर कुठं हे शोधत बसशील. दुकानदाराचा दोष नाही, त्याच्याकडं येणारी निम्मी गिऱ्हाईकं स्पर्धावाली असतील. तरी एक गोष्ट झाडाच्या बाजूनं सांगतो. पहिली गोळी चुकली आणि कुठं पडली ते धुळीवरून दिसलं, तर झाडावर तो बिंदू मोजून दुसरी लगेच दुरुस्त करता येते. म्हणून बारकं, मोकळं झाड असेल तर मी नाही म्हणणार नाही.

मित्राचा डुप्लेक्स चुकीचा नाही. जाड दांडे, मधे बारीक फुली, डोळा आपोआप मधे ओढला जातो. रानात, ऐंशी-शंभर मीटरवर, जनावर दिसलं न दिसलं अशा घाईत त्याच्यासारखं काही नाही. २५० मीटरच्या पुढं जायचंच नसेल तर मी तुलाही तोच घ्यायला सांगितलं असतं, आणि उरलेल्या पैशात हातात धरायची चांगली दुर्बीण. पण त्यावर वारा धरायला खूण नाही. अर्धा मिल म्हणजे दांड्यापर्यंतच्या जागेचा कितवा भाग, हे तिन्हीसांजेला मनात मोजता येत नाही.

बीडीसीबद्दल थोडक्यात. त्यात २००, ३००, ४०० साठी तयार खुणा असतात, पण त्या कंपनीनं धरलेल्या एका गोळीसाठी, एका वेगासाठी आणि एका हवेसाठी. तुझी गोळी वेगळी, नळी आखूड, आणि तू कधी समुद्रसपाटीजवळ तर कधी दीड हजार मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा जवळजवळ दहा टक्क्यांनी विरळ होते, गोळी धरल्यापेक्षा कमी खाली येते आणि खूण खोटी ठरते. जवळच्या अंतरात हे कळतही नाही, लांब गेलं की भोवतं. लांबच्यासाठी नको.

मिल की एमओए (कोनाचंच दुसरं माप), यावर लोक भांडतात तेवढा त्यात दम नाही. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, ५०० वर ५०. एक एमओए १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. टरेटचा एक क्लिक बहुधा ०.१ मिल, म्हणजे १०० मीटरवर एक सेंटिमीटर, किंवा पाव एमओए, म्हणजे पाऊण सेंटिमीटरच्या आत-बाहेर. जनावराच्या बाबतीत हा फरक शून्य. तू मीटर-सेंटिमीटरवर वाढलास, तुझा देशही मीटरचा, तेव्हा मिल घे आणि डोकं मोकळं ठेव. महत्त्वाचं इतकंच की रेटिकल आणि टरेट एकाच मापाचे हवेत. रेटिकल मिलचं आणि टरेट एमओएचं असे स्कोप पूर्वी सर्रास मिळायचे, अजूनही जुन्या बाजारात स्वस्तात गळ्यात मारतात. डोळ्यानं सव्वा मिल वाचायचं, ३.४४ नं गुणायचं, चारनं गुणून क्लिक मोजायचे, तोवर हरिण पुढच्या खोऱ्यात.

फोकल प्लेनचा मुद्दा मात्र नीट समजून घे, कारण इथं माणसं खरोखर जनावरं जखमी करतात. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये ताकद कमी-जास्त केली की रेटिकलही जनावराबरोबर लहान-मोठं होतं. एक मिल कायम एक मिल. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेटिकल आहे तसंच राहतं, फक्त जनावर मोठं होतं. त्यामुळं खुणा एकाच ताकदीला खऱ्या असतात, बहुधा सगळ्यात वरच्या. समज, तुझा स्कोप १५ ला खरा आहे. जनावर शोधायला तू तो साडेसातवर आणलास आणि घाईत परत वर नेला नाहीस. ५०० मीटरला वाऱ्यासाठी ०.८ ची खूण धरलीस. साडेसातवर ती खूण १.६ मिल झालेली असते. ४० सेंटिमीटरच्या जागी ८० सेंटिमीटर धरलेस. गोळी जनावराच्या पुढून तरी गेली किंवा मांडीत तरी. आणि चुकलं काय हे घरी जाईपर्यंत कळत नाही, वाऱ्याला शिव्या देत बसतो माणूस.

फर्स्ट फोकल प्लेनची बाजू लंगडी कुठं पडते तेही सांगतो. ताकद तीनवर आणली की बारीक रेघा केसाहून बारीक होतात, झाडीत दिसतच नाहीत. म्हणून सुरुवातीला कडेच्या जाड दांड्यांचा हट्ट धरला. तीनवर असताना मधलं काही दिसलं नाही तरी तीन बाजूंचे दांडे मधली जागा दाखवतात, आणि तो डुप्लेक्ससारखा वापरता येतो. जोडीला मधला ठिपका पेटला तर प्रश्नच मिटला. २५-३० पटीचे स्कोप म्हणूनच टाळ. त्यांची रेघ वरच्या ताकदीला हिशेबात राहावी म्हणून इतकी बारीक ठेवतात की खाली आणलं की हरवते. ०.०३ मिलची रेघ ३०० मीटरवर नऊ मिलिमीटर झाकते, ते शिकारीला योग्य. त्याच्या निम्मी रेघ पाटीवरच्या नेमासाठी.

रेटिकल खरं पारखायची वेळ म्हणजे सूर्य मावळल्यानंतरची वीस मिनिटं. दुकानात ट्यूबलाइटखाली सगळीच छान दिसतात. दुकानदाराला विनंती कर आणि संध्याकाळी दाराबाहेर उभा राहून समोरच्या झाडाच्या सावलीत धरून बघ. ताकद दहाच्या आसपास ठेव. ५० मिलिमीटरच्या काचेला दहा पट म्हणजे डोळ्यात पाच मिलिमीटरचा उजेडाचा गोल येतो, १५ ला तो साडेतीनच्याही खाली जातो आणि चित्र काळवंडतं. ठिपक्याचा उजेड सगळ्यात खालच्या पायरीवर कसा दिसतो ते महत्त्वाचं. वरच्या पायऱ्या दुपारसाठी, अंधारात त्या डोळे दिपवतात. ठिपका फिसकटलेला, शेपटी फुटल्यासारखा दिसला तर स्कोपला नावं ठेवण्याआधी डोळे तपासून घे. अ‍ॅस्टिग्मॅटिझम असलेल्यांना तो तसाच दिसतो, आणि अनेकांना तो असल्याचं तेव्हाच कळतं.

रेटिकलनं अंतर मोजायचं का? सूत्र सगळ्यांना पाठ असतं: जनावराची उंची मीटरमध्ये, गुणिले हजार, भागिले मिल. पाठ ते छाती ५० सेंटिमीटर धरली आणि रेटिकलवर ती सव्वा मिल भरली, तर ४०० मीटर. आता तीच १.३ वाचली तर ३८५, आणि १.२ वाचली तर ४१७. एका केसाच्या फरकानं ३२ मीटर, म्हणजे तुझ्या गोळीला १२-१३ सेंटिमीटरच्या आसपास वर-खाली. शिवाय हरणी होती की नर, पाठ ५० सेंटिमीटर की ५५, हे कोण सांगणार? रेंजफाइंडर घे. बॅटरी संपली तर जवळ जा.

एक विषयांतर. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलचं कांस्य आणलं, तेव्हा आमच्याकडं पोरं विचारायला आली, त्याचा स्कोप कोणता. त्या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. मागच्या भोकातून पुढच्या गोल कड्याकडं बघायचं असतं. सामानाचा नाद लागतो तेव्हा हे आठवायला बरं.

स्कोप हाती आल्यावर करायच्या गोष्टी. आधी डोळ्याकडचं फोकस: मोकळ्या आभाळाकडं धरून क्षणभर बघायचं, रेघ पुसट वाटली तर डोळा बाजूला घेऊन फिरवायचं, परत क्षणभर बघायचं. टक लावून फिरवत बसलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फोकस चुकीचं बसतं.

मग रेटिकल उभं लावणं. यासाठी गवंड्याचा ओळंबा लागतो. निवाऱ्याच्या जागी, पन्नासेक मीटरवर ओळंबा टांग, दोरी रंगीत घे. रायफल ठोकळ्यांत सरळ बसव, रिंगांचे स्क्रू थोडे ढिले ठेव आणि उभी रेघ दोरीवर बसेपर्यंत स्कोप फिरव. मग स्क्रू एकाआड एक, थोडेथोडे आवळ, कारण एका बाजूचा पुरा आवळला की स्कोप तिकडं वळतो. पाच अंशांचा कल डोळ्याला कळतही नाही, विशेषतः डोंगर-उतारावर पडून, जिथं क्षितिजच तिरकं असतं. पण साडेतीन मिल चढवलेले असताना तेवढ्या कलानं ५०० मीटरला गोळी १५ सेंटिमीटर बाजूला जाते. तू त्याला वारा समजशील. स्कोपवर बसवायची बारकी पाणसळ मिळते, ती जरूर लाव.

शेवटची तपासणी स्कोप खरं बोलतो का याची. १०० मीटर फीत धरून मोज, रेंजफाइंडरवर सोडू नकोस. तिथं मीटरपट्टी उभी लाव. रेटिकलच्या दहा मिलमध्ये ती बरोबर मावली पाहिजे. (कुणाच्या सांगण्यावरून सेकंड फोकल प्लेनचा खुणावाला घेतलासच, तर याच पट्टीवर ताकदीची रिंग फिरवत दहा मिल जिथं जुळतात तिथं रंगाचा ठिपका देऊन ठेव, रिंगवरचा छापील आकडा आणि ती जागा दर वेळी एक असेलच असं नाही.) नंतर त्याच अंतरावर उंच कागद लाव, खाली एक बिंदू काढून त्यावर तीन गोळ्या झाड. टरेट पाच मिल चढवून त्याच बिंदूवर नेम धरून आणखी तीन. दोन्ही ग्रुपांच्या मध्यांत ५० सेंटिमीटर भरले पाहिजेत. ४८ भरले तर परत एकदा कर. दुसऱ्यांदाही ४८ च आले तर स्कोप पावतीसकट दुकानात परत दे, आणि बदलून आलेल्यावरही हीच चाचणी घे.